तांत्रिक शिक्षण : कोणता कागद काय सांगतो

तांत्रिक आणि अभियांत्रिकी क्षेत्रात शिकल्याचे पुरावे अनेक असतात : आयटीआयचे प्रमाणपत्र, पदविका, पदवी, सरकारी परवाना, कंपनीने घेतलेल्या चाचणीचा दाखला. प्रत्येक कागद वेगळ्या गोष्टीची ग्वाही देतो. एका कागदाने दुसऱ्याचे काम भागेल असे धरून चालल्यामुळेच या क्षेत्रातले बरेचसे गैरसमज झाले आहेत.

आयटीआय म्हणजे शिक्षणाला पूर्णविराम, हा त्यांतला सर्वांत जुना. प्रत्यक्षात महाराष्ट्रात दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. वाट खुली आहे; गणित कच्चे राहिले असेल तर ती चढाची वाटते, एवढेच.

इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पास झाला की वायरिंगची कामे घ्यायला मोकळीक मिळाली, असेही सर्रास मानले जाते. ट्रेडचे प्रमाणपत्र शिकल्याचा पुरावा आहे, परवाना नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचे असते. हे परवाने राज्य पातळीवर दिले जातात. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्याला यातून सूट आहे. पण त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा रचना बदलता कामा नये. नवी लाइन ओढणे या सवलतीत बसत नाही, मग घर कितीही छोटे असो.

वेल्डरच्या बाबतीत तर ‘एकदा शिकला तो कायमचा शिकला’ हा समज पुरता खोटा ठरतो. प्रेशर व्हेसल आणि पाइपिंगच्या कामात जगभर ‘एएसएमई सेक्शन नाइन’ या संहितेप्रमाणे वेल्डरची चाचणी होते. चाचणी ‘वेल्डिंग येते का’ एवढीच नसते. कोणती प्रक्रिया (साधी आर्क की टिग, जिला वर्कशॉपमध्ये ‘आर्गन’ म्हणतात), किती जाडीची धातू, पाइपचा व्यास किती आणि सांधा कोणत्या स्थितीत, हे सगळे दाखल्यावर नोंदलेले असते आणि पात्रता तेवढ्यापुरतीच राहते. वन-जी स्थितीत पाइप आडवा असून फिरवला जातो, त्यामुळे वेल्डरला नेहमी वरच्या बाजूनेच काम करायला मिळते. सिक्स-जीमध्ये पाइप ४५ अंशांत तिरका आणि जखडलेला असतो. वेल्डरलाच भोवती फिरून, वाकून, खालून वर पाहत सांधा पुरा करावा लागतो. म्हणून सिक्स-जी पास झालेल्याला बाकीच्या स्थितींतही काम करता येते, वन-जीवाल्याला येत नाही. चाचणीत जोडलेल्या नमुन्याच्या पट्ट्या कापून वाकवतात. वाकवल्यावर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी उघडी भेग किंवा पोकळी दिसली की नमुना नापास. काही वेळा पट्ट्या वाकवण्याऐवजी सांध्याचा एक्स-रे काढतात. पास झालेल्या वेल्डरने ती प्रक्रिया सहा महिने वापरली नाही, तर पात्रता संपते आणि पुन्हा नमुना जोडून दाखवावा लागतो. मधल्या काळात तो दुसऱ्या प्रक्रियेचे काम रोज करत असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. शिवाय चाचणीची जबाबदारी काम करवून घेणाऱ्या कंपनीवर असल्याने नोकरी बदलली की चाचणी बहुधा नव्याने येते.

अप्रेंटिसशिपबद्दलचे समज दोन टोकांचे आहेत. एक, ती संपली की नोकरी पक्की. दोन, ती म्हणजे स्वस्तात राबवून घेणे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पुढे त्यांना कायम करण्याची सक्ती मात्र सरसकट नाही. उमेदवाराला पगार नव्हे, विद्यावेतन मिळते आणि कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसतो. तरीही सुरक्षा आणि आरोग्याच्या तरतुदी त्याला लागू असतात, कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाकडे असते आणि ओव्हरटाइमला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते. ज्या कारखान्यात त्याला वर्षभर एकाच मशीनवर उभे केले जाते, तिथे स्वस्तात राबवून घेतल्याची तक्रार खरीच असते. तो दोष अंमलबजावणीचा आहे.

पदवीच्या पातळीवर गल्लत होते ती मान्यतेची. महाविद्यालय एआयसीटीईमान्य (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेले) आहे म्हणजे अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय दर्जाचा, असे जाहिरातींतून सुचवले जाते. एआयसीटीईची मान्यता ही संस्था चालवण्याची परवानगी. अभ्यासक्रमाचे मूल्यांकन राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए करते आणि तेही संस्थेचे नव्हे, एकेका शाखेचे. त्यामुळे एकाच महाविद्यालयात मेकॅनिकल मूल्यांकित आणि सिव्हिल नाही, असे असू शकते. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन कराराचा भारत जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, पण त्याखाली येतात ते एनबीएने टियर-१ गटात (स्वायत्त संस्था आणि विद्यापीठे) मूल्यांकित केलेले अभ्यासक्रमच. संलग्न महाविद्यालयांचे टियर-२ अभ्यासक्रम येत नाहीत. करारामुळे पदवीची तुल्यता मानली जाते. परदेशात अभियंता म्हणून सही करण्याचा अधिकार त्या त्या देशातील नोंदणी संस्थेकडून वेगळा मिळवावा लागतो. भारतात वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, अभियंत्यांसाठी मात्र तसा केंद्रीय कायदा नाही. इमारतीच्या आराखड्यावर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी महापालिका आपापल्या नियमांप्रमाणे करतात.