कॉम्प्रेसर ‘गेला’ म्हणण्याआधी

उन्हाळा तापू लागला की गाडीचा एसी दगा देतो आणि गॅरेजमध्ये ठरलेली दोन निदानं ऐकू येतात: ‘गॅस संपलाय’ किंवा ‘कॉम्प्रेसर गेलाय’. दोन्ही खरी असू शकतात, पण तपासणीनंतरच. कॉम्प्रेसर हा एसीतल्या महागड्या भागांपैकी एक. त्यामुळे त्याच्याविषयीचे गैरसमजही खिशाला महागच पडतात.

गैरसमज : गॅस दरवर्षी भरावाच लागतो.
वस्तुस्थिती : गॅस बंद चक्रात फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. रबरी नळ्यांतून तो अगदी थोडा झिरपतो, पण त्याला वर्षं लागतात. एका हंगामातच गारवा गेला, तर कुठेतरी गळती आहे. सांध्यांतल्या ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील आणि दगड लागलेला कंडेन्सर या नेहमीच्या जागा. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. गॅससोबत तेलही बाहेर जातं, म्हणून गळती न काढता वर्षानुवर्षं गॅस भरत राहिलं तर चांगला कॉम्प्रेसरही कोरडा पडून जाम होतो.

गैरसमज : क्लच ओढत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर खराब.
वस्तुस्थिती : कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा हा क्लच विजेच्या चुंबकावर चालतो. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच क्लचचा करंट तोडतो. ही कॉम्प्रेसर वाचवण्याचीच सोय आहे. फ्यूज, रिले किंवा तुटकी वायर हेही कारण असू शकतं. म्हणून आधी क्लचच्या कनेक्टरवर 12 व्होल्ट येतात का ते पाहावं. येत असूनही क्लच ओढत नसेल, तर मल्टीमीटरने कॉइल तपासावी. तिचा रोध साधारण 3 ते 5 ओहम असतो. प्लेट आणि पुली यांतली फटही मोजावी. ती बहुधा 1 मिलिमीटरच्या आत असते. प्लेट झिजून फट वाढली की कॉइल तापल्यावर तिला प्लेट ओढवत नाही. अर्धा तास गार हवा आणि मग अचानक गरम, या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. बऱ्याच गाड्यांत कॉइल आणि प्लेट वेगळी बदलता येते.

गैरसमज : गेज लावला की गॅस किती आहे ते कळतं.
वस्तुस्थिती : एसी बंद असताना दाब तापमानावर ठरतो. 30 अंश सेल्सिअसला आर-134ए गॅसचा दाब सुमारे 97 पीएसआय दिसतो. आत थोडा जरी द्रव गॅस उरला असेल, तरी आकडा तोच. खरं प्रमाण वजनावरच कळतं आणि किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. कॉम्प्रेसरची परीक्षा एसी चालू असताना होते. लो साइड (कमी दाबाची बाजू) साधारण 25 ते 45 पीएसआयवर उतरायला हवी आणि हाय साइड (जास्त दाबाची बाजू) त्याच्या कितीतरी पट वर चढायला हवी. इंजिन रेस करूनही दोन्ही काटे जवळजवळच राहिले, तर कॉम्प्रेसर पंप करत नाही. मात्र व्हेरिएबल प्रकारच्या कॉम्प्रेसरमध्ये दोष फक्त कंट्रोल व्हॉल्व्हचाही असू शकतो.

गैरसमज : पुली फिरते, म्हणजे कॉम्प्रेसर चालू आहे.
वस्तुस्थिती : क्लच असलेल्या कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही बेल्टसोबत फिरते. नजर पुढच्या प्लेटवर ठेवावी. ती फिरली तरच शाफ्ट फिरतो. एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर आधी पुलीचं बेअरिंग तपासावं.

गैरसमज : नवा कॉम्प्रेसर बसवला की काम संपलं.
वस्तुस्थिती : जुना कॉम्प्रेसर आतून फुटला असेल, तर धातूचा चुरा सगळीकडे पसरलेला असतो. तो तसाच राहिला तर नवाही टिकत नाही. नळ्या फ्लश करायच्या, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा. आजच्या कंडेन्सरच्या बारीक नळ्यांतून चुरा पूर्ण निघत नाही, म्हणून तोही बदलणं शहाणपणाचं. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम. त्याने हवा तर निघतेच, शिवाय कमी दाबात आतलं पाणीही उकळून बाहेर पडतं. दमट कोकणपट्टीत ही पायरी वगळणं म्हणजे आत गंजाला आमंत्रण.

गैरसमज : तेल कुठलंही चालतं.
वस्तुस्थिती : पीएजी तेलाचेही 46, 100, 150 असे वेगवेगळे ग्रेड आहेत, कंपनीने सांगितलेलंच आणि मोजूनच घालावं. बहुतेक इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचा कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो. त्याला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. त्याच्या नारिंगी वायरींना प्रशिक्षित माणसानेच हात लावावा.

कॉम्प्रेसर बदलायला होकार देण्याआधी तीन गोष्टी मागा: दोन्ही गेजचे आकडे, क्लचपाशी मोजलेले व्होल्ट आणि गळती तपासल्याची खात्री. बिलात नवा ड्रायर, व्हॅक्यूमचा वेळ आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहून घ्या. हे सांगायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे कॉम्प्रेसर बदलू नका.