आधी रॉकेल, मग रिमोट

प्रीमियर 118 एनई 1985मध्ये आली तेव्हा ती नव्या जमान्याची गाडी होती. बॉडी फियाट 124च्या घराण्यातली, इंजिन निसानचं. आज अहिल्यानगरच्या रस्त्यावर एखादी दिसली तर माना वळतात. मालकाचं दुखणं मात्र वेगळंच. चार दारं, चार नॉब. किल्ली फिरवून झाली तरी मागचं एखादं दार उघडं राहिलं का, म्हणून गाडीला फेरी मारायची.

सेंट्रल लॉक बसवायला अशीच एक गाडी सावेडीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आली, तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसलो.

सेंट्रल लॉकच्या खोक्यातून चार ‘गन’ निघाल्या, म्हणजे कुलपाचा दांडा हलवणाऱ्या छोट्या मोटरी. एक डबी, वायरींचा गुंता, बारीक दांडे, पत्र्याच्या पट्ट्या आणि दोन रिमोट. मिस्त्रींनी ते सगळं बाजूला सारलं. काच फिरवायचं हँडल काढलं, पॅनलच्या क्लिपा सोडवल्या, आतला प्लॅस्टिकचा कागद न फाडता सोलला. मग दारात हात घालून नॉबचा दांडा बोटांनी वर-खाली करून पाहिला. मागच्या डाव्या दाराचा अडला.

“साहेब, बोटांना जड जातं ते गनलाही जड जाणार. मोटर जळंल, कुलूप तसंच राहील.”

त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून कुलपावर फिरवला. वाळून घट्ट झालेलं काळं ग्रीस सुटायला लागलं. फडकं, पुन्हा रॉकेल, मग नवं ग्रीस. नॉब एका बोटानं अलगद खाली जायला लागल्यावरच त्यांनी गन हातात घेतली.

चालकाच्या दारातल्या गनला पाच वायरी, बाकीच्यांना दोनच. त्या दोन वायरींतून करंट एका दिशेनं गेला की गनचा दांडा बाहेर, उलट गेला की आत. कुलूप लागायच्या वेळी उघडलं, तर दोन वायरींची अदलाबदल करायची, झालं. चालकाच्या दारातल्या जादा तीन वायरी हेरगिरी करतात. किल्लीनं नॉब हलला की डबीला खबर, आणि डबीचा बाकीच्या दारांना हुकूम.

गन कुठे बसवायची, यात खरी कारागिरी. ती दांड्याच्या सरळ रेषेत हवी. तिरकी बसली तर दांडा अडकतो. पट्टी कसण्याआधी मिस्त्रींनी काच पूर्ण खाली घेतली. काच गनला घासत नाही ना, पावसाचं पाणी थेट तिच्यावर येत नाही ना, दोन्ही पाहिलं. वायर दारातून खांबात नेताना भोकाला रबर बसवलं, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. बॅटरीकडच्या वायरीवर फ्यूज टाकला.

मालकाची एकच अट होती, बॉडी कापायची नाही. त्याला कारण आहे. 2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. 118 एनईला त्या पंगतीत बसायला 2035 उजाडणार आहे.

रिमोट दाबला आणि चारही नॉब एकदम खाली गेले. मालक खूश. मिस्त्रींनी मात्र बॅटरीची वायर काढली आणि चालकाच्या दाराला किल्ली लावली. कुलूप उघडलं. जुन्या गाडीत नवं काही बसवताना हीच परीक्षा महत्त्वाची: नवं बंद पडलं, तरी मूळचं अडता कामा नये.