कॉलेजातल्या खेळाडूला पैसे द्यावेत का?

जत्रेच्या फडात पैलवानाने रोख इनाम घेतले तर गावात कुणी नाक मुरडत नाही. हलगी कडाडते, आकडा पुकारला जातो, बघणारेही खिशात हात घालतात. पण तोच पोरगा कॉलेजच्या संघातून उतरला आणि पैशाचे नाव काढले, की आपण दचकतो. विद्यार्थ्याने हौसेने खेळावे, असे म्हणतो.

हा हौसेचा दंडक मूळचा विलायतेतल्या खात्यापित्या घरांचा. ज्याला पोटाची चिंता नाही, त्याला तो सहज पाळता येतो. पुढे ऑलिंपिकनेही तो उचलला. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ साली स्टॉकहोमला दोन सुवर्णपदके मिळवली. ती पुढच्याच वर्षी काढून घेतली. कारण एवढेच, की पूर्वी थोडक्या पैशांवर तो बेसबॉल खेळला होता. पदके परत देण्याचे १९८२ साली ठरले, तेव्हा त्याला जाऊन २९ वर्षे झाली होती.

आपल्याकडची हकिकत तर घराघरांत ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. पण जाण्यापुरते पैसे नव्हते. ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून ते देणे फेडले. आपण प्राचार्यांचे कौतुक करतो, आणि ते करावेच. पण देशासाठी लढायला जाणाऱ्या पोराचा खर्च गुरुजींच्या घरावर का पडावा, हे मात्र विचारत नाही.

अमेरिकेत प्रश्न निराळा आहे. तिथे कॉलेजांचे फुटबॉल सामने तिकिटे लावून होतात, दूरदर्शनवाले कोट्यवधी डॉलर मोजतात. प्रशिक्षक श्रीमंत होतो, खेळणाऱ्याला मात्र शिष्यवृत्तीवर भागवावे लागे. २०२१ साली खेळाडूंना स्वतःचे नाव जाहिरातीला देऊन कमावण्याची मोकळीक मिळाली, आणि कोर्टातल्या तडजोडीनंतर जुलै २०२५ पासून कॉलेजांनाच त्यांना वाटा देता येऊ लागला. एका कॉलेजाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. माझ्या मते हे उशिराचे शहाणपण आहे. ज्याच्या घामावर तिकीट विकले, त्याचा वाटा निघालाच पाहिजे.

आपल्या कॉलेजच्या कबड्डीला कुठले आलेय तिकीट? तेव्हा मिळकतीच्या वाट्याचे भांडण आपल्याकडे फारसे नाही. आपले भांडण खर्चाचे. समजा, खराडीतला एक धावपटू आहे. हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत गेले. शेते होती तिथे आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. खराडी शहराच्या पूर्व टोकाला आणि बालेवाडीचे क्रीडासंकुल पश्चिम टोकाला. सकाळी सरावाला जायचे तर बसभाडे, आल्यावर दूध-अंडी, वर्षाला टाचांचे बूट, आणि गुडघा धरला तर डॉक्टर. संध्याकाळी हाच मुलगा त्या इमारतींत पार्सले पोचवायला जातो. पाय एकच, ते दोन्हीकडे किती पुरणार? पार्सलाचे पैसे रोज मिळतात, धावण्याचे नाही. मग काय सुटते, ते सांगायला नको.

'खेलो इंडिया' योजनेत निवड झालेल्याला महिना १०,००० रुपये हातखर्च मिळतो, शिवाय प्रशिक्षण. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणे-खाणे होते. कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे प्रबोधिनीतूनच घडला, २०१५ पासून रेल्वेच्या नोकरीत होता, आणि २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्य घेऊन आला. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मराठी मातीला मिळालेले हे वैयक्तिक पदक. घर कुणाला गहाण टाकावे लागले नाही.

पण निवड होते मूठभरांची. बाकीच्यांना कॉलेजनेच खुराक, भाडे आणि दवापाणी द्यावे. मात्र जिंकण्यावर पैसे लावू नयेत. जिंकण्यावर लावले, की पोर दुखणे लपवून उतरते, आणि वर्गात कधी न दिसणारे खेळाडू नुसते नावापुरते दाखल होतात. गुरुजींनी अशी नावे हजेरीपटावर पाहिली असतील.

पैसा कुठून आणायचा, असे प्राचार्य विचारतील. प्रवेशाच्या वेळी पुष्कळ कॉलेजे प्रत्येक मुलाकडून जिमखाना फी घेतात, न खेळणाऱ्याकडूनसुद्धा. पावतीवर ती रक्कम छापलेली असते. ती मुलांकडून वाचवून घ्यावी, आणि वर्षाअखेर तिचे काय झाले ते विचारायला लावावे.