लेखांक १४ : दाताच्या स्क्रूखाली वॉशर का नसतो?

सिमेंटने चिकटवलेली कॅप बरी की स्क्रूने बसवलेली, हे आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. मुलुंडहून एक पत्र आलं आहे आणि चार दिवस ते डोक्यातून जात नाही.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ चालवला. खालच्या उजव्या बाजूला त्यांचे दोन इम्प्लांट आहेत आणि त्यांवर तीन दातांचा ब्रिज स्क्रूने बसवलेला आहे. वर्षभरात मागचा स्क्रू तीनदा सैल झाला आणि तीनदा आवळून मिळाला. ते विचारतात, ‘आमच्याकडे थरथरणाऱ्या मशीनवर नट बसवताना खाली स्प्रिंग वॉशर घालतात. तुम्ही दाताला का घालत नाही?’

वॉशर नसतो, कारण तिथे स्प्रिंगचं काम स्क्रू स्वतःच करतो.

आपण स्क्रू पिळतो तेव्हा त्याचं डोकं ब्रिजवर टेकतं, खाली आटे इम्प्लांटमध्ये अडकलेले असतात आणि मधला दांडा ताणला जातो. ताणलेला धातू पुन्हा आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने ब्रिज इम्प्लांटवर दाबून धरला जातो. जोड टिकतो तो या ओढीवर. आट्यांचं काम फक्त ती ओढ धरून ठेवण्याचं. चावताना जो जोर जोडाला उघडू पाहतो, तो या ओढीपेक्षा कमी असेपर्यंत स्क्रूला कसलीच हालचाल जाणवत नाही. ओढ कमी पडली की जोड प्रत्येक घासाला किंचित उघडतो, मिटतो, सरकतो आणि स्क्रू मागे फिरू लागतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं होतं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या सरकण्यामुळे, सरळ ओढण्यामुळे तितका नाही. आपल्या दाढा तर अन्न रगडतात, म्हणजे आडवा जोर दिवसभर चालूच असतो.

हा स्क्रू जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. तो आवळायची मात्रा बहुतेक कंपन्या ३० ते ३५ न्यूटन-सेंटीमीटर सांगतात, आणि काही ब्रिजना वरून वेगळे छोटे स्क्रू असतात त्यांना १० ते १५. पस्तीसचा अंदाज हवा असेल तर दहा सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण साडेतीनशे ग्रॅम वजन टांगलं आहे असं समजा. ऐकायला हे फारच किरकोळ वाटतं. शिवाय त्यातला बराच भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो, खरी ओढ म्हणून साधारण दहावा हिस्सा उरतो. तेवढ्यानेही तीस-चाळीस किलो वजनाच्या तोडीचा दाब तयार होतो. चिमटीत धरून हाताने आवळलं तर प्रत्येक डॉक्टरचा जोर वेगळा पडतो, म्हणून टॉर्क रेंच लागतो.

आवळून झाल्यावर दहा मिनिटं थांबावं लागतं. यंत्रावर तासलेला पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक उंचवटे असतात. दाबाखाली ते चेपतात, दांडा तेवढा ढिला पडतो आणि ओढ दोन ते दहा टक्के घटते. म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा रेंच लावायचा. एवढा वेळ पेशंटला खुर्चीत बसवून ठेवणं अनेकांच्या जिवावर येतं. मी तो वेळ सोडत नाही. दुसऱ्यांदा रेंच लावला की स्क्रू किंचितसा फिरतो, हे बोटांना दर वेळी कळतं. मग स्क्रूवरच्या भोकात पांढरी टेफ्लॉनची पट्टी दाबून भरतो, नळाच्या जोडाला प्लंबर गुंडाळतो तीच जात, निर्जंतुक केलेली, आणि वरून दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट घालतो. पुढे कधी उघडायचं झालं तर ती पट्टी चिमट्याने अख्खी बाहेर येते.

आता मुलुंडकरांच्या खऱ्या तक्रारीकडे येतो. तीनदा नीट आवळूनही स्क्रू सुटत असेल, तर त्या स्क्रूची ओढ दुसऱ्याच कशावर तरी खर्च होत असणार. कशावर, ते सांगण्यासाठी अंधेरीच्या पुलापाशी जाऊ.

अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला आणि नव्याने बांधलेली त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी उघडली. रुळांवरची उंची वाढवावी लागल्याने नवा पूल वर गेला होता आणि पश्चिमेकडचा बर्फीवाला उड्डाणपूल होता त्याच पातळीवर राहिला होता. दोन्ही पूल आपापल्या जागी भक्कम, पण एकमेकांना मिळत नव्हते. शेवटी हायड्रॉलिक जॅक लावून बर्फीवाला पूल एका बाजूला १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला, जोड भरून काढला, आणि ४ जुलै २०२४ पासून वाहनं सरळ जाऊ लागली. आम्ही अंधेरीत राहणाऱ्यांनी हे काम रोज येता-जाता पाहिलं. मला त्यात सतत जबडा दिसत होता.

कारण नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांत जो फरक आहे, तोच तिथे डोळ्यांसमोर होता. दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मध्ये पाव मिलिमीटरहूनही पातळ असं तंतूंचं अस्तर असतं. पुलाखाली खांबांवर रबरी बेअरिंग असतात, तसंच हे. दाबाखाली दात पन्नास-शंभर मायक्रॉन इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे दातांवर बसवलेल्या ब्रिजमध्ये थोडी चूक राहिली तर दात आपली जागा बदलून ती पोटात घेतात. इम्प्लांट मात्र हाडाशी एकजीव झालेला असतो आणि जेमतेम काही मायक्रॉन हलतो. म्हणून दोन इम्प्लांटवरचा ब्रिज त्यांच्यावर कुठेही न ओढता, न दाबता अलगद बसला पाहिजे. जबड्यात जॅक लावता येत नाही. चूक सुधारायची ती ब्रिजमध्येच.

टायटॅनियम हाडाशी असं एकजीव होतं हे स्वीडनच्या पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांनी जगापुढे आणलं. त्यांनी १९६५ साली योस्ता लार्सन या पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले आणि २००६ साली लार्सन गेले तोवर ते तोंडात काम करत होते. ब्रोनेमार्क यांचा आग्रह असा की ब्रिज आणि इम्प्लांट यांच्यातली चूक १० मायक्रॉनच्या आत हवी. पुढे त्यांच्याच परंपरेतल्या टॉर्स्टन येम्ट यांनी १९९१ मध्ये १५० मायक्रॉनपर्यंतची मर्यादा व्यवहारात चालेल असं म्हटलं. दोन आकड्यांत पंधरा पटींचं अंतर आहे. लेथवाल्यांसाठी सांगतो, फीलर गेजच्या संचातलं एक अगदी पातळ पान ०.०५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे ५० मायक्रॉन. येम्ट यांच्या हिशेबात अशी तीन पानं मावतात, ब्रोनेमार्क यांच्या हिशेबात एकसुद्धा शिरत नाही.

येम्ट यांनी नंतर पेशंटच्या तोंडातले ब्रिज प्रत्यक्ष मोजले. साधारण शंभर मायक्रॉनची चूक असलेल्या ब्रिजखालचं हाड पाच वर्षांनंतरही त्या चुकीमुळे झिजलेलं आढळलं नाही. याचा अर्थ काहींनी असा काढला की नेमकेपणाचा एवढा बाऊ नको. मला ते मान्य नाही. हाड सहन करतं हे खरं, पण स्क्रू सहन करत नाही. हाडाने सोसलेली चूक स्क्रूच्या खात्यावर जमा होते.

हे मी घाटकोपरच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या तोंडात शिकलो. वरच्या जबड्यात सहा इम्प्लांट आणि त्यांवर एकसंध ब्रिज. जुलै महिना होता. ब्रिज लॅबमधून आला तो मॉडेलवर सुरेख बसत होता. तोंडात बसवला, सहाही स्क्रू आवळले, कुठे फट दिसेना, एक्स-रेही स्वच्छ. बाई समाधानाने घरी गेल्या. दोन महिन्यांनी उजवीकडचा शेवटचा स्क्रू सैल झाला. मी आवळून दिला. पाच आठवड्यांनी तोच स्क्रू तुटला. आट्यांत अडकलेला तुकडा अल्ट्रासॉनिक टोकाने उलटा फिरवत बाहेर काढायला पाऊण तास लागला, आणि बाई तोंड उघडं ठेवून शांत बसून होत्या.

तुकडा निघाल्यावर जी चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, ती केली. सगळे स्क्रू काढले, ब्रिज नुसता ठेवला आणि फक्त डावीकडच्या शेवटच्या इम्प्लांटचा स्क्रू आवळला. उजवं टोक उचललं गेलं. प्रोबचं टोक हिरडीलगत फिरवत नेलं तर ते फटीत शिरलं. या चाचणीला शेफील्ड चाचणी म्हणतात. एकच स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाकडे बघायचं, बस्स. सगळे आवळले की फट दिसेनाशी होते, पण ती गेलेली नसते. स्क्रूंनी ब्रिज वाकवून खाली खेचलेला असतो. जी ओढ जोड दाबून ठेवायला हवी, ती धातू वाकवून धरण्यात जाते, आणि टोकाचा स्क्रू सगळ्यात आधी थकतो.

चूक शिरली कुठे? मॉडेलवर ब्रिज बसत होता, तोंडात बसत नव्हता. म्हणजे मॉडेलच खरं नव्हतं. माप घेताना इम्प्लांटवर लावलेली सहा कोपिंग (मापाचे खुंट) मी एकमेकांना जोडली नव्हती. मापाच्या मसाल्यात ती किंचित फिरली असणार. त्यावर मॉडेलच्या दगडी प्लास्टरची भर. चांगल्यातलं चांगलं प्लास्टरही घट्ट होताना शेकडा ०.१ च्या आसपास फुगतं. साठ मिलिमीटरच्या कमानीवर शेकडा ०.१ म्हणजे ६० मायक्रॉन. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं तर हवेतल्या ओलाव्याने प्लास्टरचं वागणंच बदलतं, आधी ते लवकर घट्ट होऊ लागतं आणि ओल वाढत गेली की उशिरा. आपल्या उपनगरांत जून ते सप्टेंबर ही हवा कुठे चुकते? तेव्हापासून माझं माप ज्या लॅबमध्ये जातं तिथे प्लास्टर झाकणाच्या डब्यात राहतं, आणि पाणी डोळ्यांनी न ओतता मोजून घेतलं जातं.

बाईंचा ब्रिज दोन ठिकाणी कापला. तुकडे तोंडात आपापल्या इम्प्लांटवर बसवले, मधल्या चिरा पॅटर्न रेझिनने जोडल्या, तसंच उचलून लॅबला पाठवलं आणि तिथे ते जोड धातूने भरून आले. हे रेझिनही आक्रसतं, म्हणून एका दमात जोडून भागत नाही. आधी जोडायचं, सुकू द्यायचं, बारीक चकतीने कापायचं आणि उरलेली केसभर चीर थोड्याशा रेझिनने पुन्हा सांधायची. जेवढं रेझिन कमी, तेवढं आकसणं कमी. आता नवीन माप घेतानाही कोपिंग मी अशीच जोडतो.

मॉडेलवर विश्वास ठेवण्याआधी आणखी एक परीक्षा घेतो. मॉडेलवर सगळ्या कोपिंगना प्लास्टरच्या एका पट्टीत बांधून घेतो आणि ती पट्टी तोंडात इम्प्लांटवर स्क्रूने बसवतो. धातू वाकून चूक लपवतो, प्लास्टरला वाकणं माहीत नाही. मॉडेल चुकलं असेल तर तिसरा-चौथा स्क्रू टेकता टेकता पट्टी टचकन तडकते. तो आवाज ऐकला की पेशंट दचकतात, मला मात्र हायसं वाटतं. हजारोंचा ब्रिज ओतायच्या आधी ओंजळभर प्लास्टर तडकलेलं बरं.

तेव्हा मुलुंडकर, चौथ्यांदा आवळून घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांना हा लेख दाखवा आणि ब्रिज पूर्ण काढायला सांगा. तीनदा ताणलेले स्क्रू परत वापरू नयेत, दोन्ही नवे घ्यावेत. ब्रिज बसताना शेजारच्या दाताला फार घट्ट घासत नाही ना, ते फ्लॉस घालून तपासायला सांगा. नुसत्या त्या घासण्यानेही ब्रिज खालपर्यंत पोचत नाही. कडेला हिरडी चिमटत नाही ना, हेही बघू द्या. मग फक्त पुढचा स्क्रू आवळायचा आणि मागच्या टोकाचा जवळून फोटो काढून तुम्हाला दाखवायचा. मागचा स्क्रू नंतर हाताने टेकवल्यावर घट्ट होईपर्यंत अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरला, तर तिथे फट होती असं समजा. ही खूणही येम्ट यांचीच. पस्तीस वर्षं मायक्रोमीटर वाचलेल्या तुमच्या नजरेला त्या फोटोत काय दिसतं, ते मला जरूर कळवा.

सिमेंट पुढच्या आठवड्यात.