चावडीवरचा कागद

आष्टी हा बीड जिल्ह्याचा पश्चिम टोकाचा तालुका. शिवेपलीकडे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा लागतो. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची हद्द आहे. परंतु १९४८ पर्यंत ती दोन राजवटींची हद्द होती. पलीकडचा शेतकरी मुंबई इलाख्यांतला. त्याच्या कचेरींतला कागद मराठी. अलीकडचा शेतकरी निजामाची रयत. बोली तीच, बाजार तोच, सोयरिकीहि त्याच. पण गांवच्या दप्तरांत मोडी आणि वरच्या कचेरींत उर्दू. आपल्याच जमिनीचा निकाल समजून घेण्यास त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागे.

तो हिशेब अद्याप पुरा झालेला नाहीं. २०२३ सालीं मराठवाड्यांतील जुन्या कुणबी नोंदींसाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज भासली. एखाद्या मुलाची शिक्षणांतली सवलत ज्या ओळीवर अवलंबून, ती ओळ सरकारच्याच कपाटांत; पण ती वाचणारा मिळणें कठीण.

१९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, १९६४ सालीं राजभाषा अधिनियम आला. कागद मराठी झाला. मग प्रश्न मिटला काय? कोणाहि खातेदाराच्या हातीं सातबारा देऊन पाहावा. अक्षर लागतें, अर्थ लागत नाहीं. शहरांतल्या सुशिक्षिताचीहि गति याहून फारशी निराळी नसते. गांवचा उतारा त्याच्या पेटींत वर्षानुवर्षें घडी घालून पडलेला असतो.

गांव नमुना सात जमीन कोणाची तें सांगतो, नमुना बारा तींत काय पिकलें तें. 'पोटखराबा' म्हणजे लागवडीस निरुपयोगी तुकडा, 'आकार' म्हणजे सारा. हे शब्द निदान कानांवरून गेलेले असतात. 'भोगवटादार वर्ग २' हें मात्र फसवें. अशी जमीन सरकारी परवानगीवांचून विकतां येत नाहीं. तें न समजणारा विसार देऊन बसतो. आद्याक्षरांची कथा त्याहून वाईट. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नांवामागें 'ए.कु.मॅ.' असतें. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटा धनी नव्हे, सर्वांच्या वतीनें नोंदलेला कर्ता. विधवा भावजयीस हें कोणी उलगडून सांगितलें नाहीं, तर तीन अक्षरांत तिचा वाटा बुडतो.

नोंद बदलावयाची तर तलाठी (त्यास आतां ग्राम महसूल अधिकारी असें लांबलचक नांव मिळालें आहे) फेरफाराची नोटीस चावडीवर लावतो व संबंधितांस कळवितो. हरकतीस पंधरा दिवस. कायद्याच्या दृष्टीनें खबर पोंचली. पण बीड जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यांत परततात. तेवढ्यांत नोटीस लागते आणि उतरतेहि.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती देण्याचें बंधन घातलें. कारण सांगावें लागत नाहीं. लिहितां न येणाऱ्याचें म्हणणें लिहून घेण्यास अधिकाऱ्यानें साहाय्य करावयाचें आहे. या चळवळींत गाजलेलें राळेगणसिद्धी आष्टीच्या शेजारच्याच जिल्ह्यांतलें. परंतु अर्जाहून चौथें कलम मोलाचें, आणि तेंच दुर्लक्षिलें जातें. माहिती न मागतां द्यावी, स्थानिक भाषा लक्षांत घ्यावी, त्या भागांत परिणामकारक ठरेल तें साधन वापरावें, असें तें सांगतें. त्या साधनांत सूचनाफलक व वर्तमानपत्र यांच्याबरोबर ध्वनिक्षेपणहि आहे. नभोवाणीनें तें मनावर घ्यावयास हरकत नाहीं.

एक जुना उपाय मात्र सरकारला सुचला. २०१७ सालीं संगणकावरील सातबाऱ्यांतल्या चुका शोधण्यासाठीं चावडीवाचन झालें: उतारा मोठ्यानें वाचावयाचा आणि ज्याचा त्यानें ऐकावयाचा. १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहिमेंत मृत खातेदारांच्या वारसांची नांवें लावण्याकरितां पुन्हा तोच मार्ग धरला गेला. संकेतस्थळावर उतारा पाहतां येतो, ती सोय चांगलीच. पण तेथें कोणाला कांहीं विचारतां येत नाहीं. चावडीवर एखादी म्हातारी मध्येंच थांबवून, "त्या तीन अक्षरांचा अर्थ काय, दादा?" असें विचारूं शकते. मोहिमेचा महिना जाणून निवडला असो वा नसो, तो बरा होता. एप्रिलांत ऊसतोडीच्या गाड्या गांवाकडे परतूं लागलेल्या असतात.