खेळांतलें राज्य आणि खेळांतला हिशेब



दिवाळीच्या दिवसांत भोर-वेल्ह्याच्या बाजूस गेलें म्हणजे अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहिलेले दिसतात. दगड रचावेत, त्यांवर ओलें गोणपाट पसरावें, मातीनें लिंपावें, अळीव पेरून हिरवळ आणावी आणि माथ्यावर महाराजांचें सिंहासन मांडावें, हा क्रम ठरलेला आहे. हींच मुलें एरव्हीं नवकंकरी किंवा बुद्धिबळ मांडून बसतात. आतां त्यांत संगणकावर राज्य उभारण्याच्या खेळांची भर पडली आहे. ‘सिव्हिलायझेशन’ हा त्यांतील प्रसिद्ध खेळ १९९१ सालीं निघाला.

राजनीतीचा आणि युद्धाचा असा कोणताहि खेळ दोन रीतींनीं खेळतां येतो. पहिल्या रीतीचा खेळाडू स्वतःच राजा होऊन बसतो. आपली प्रजा, आपली सरहद्द, आपला शब्द या गोष्टी त्याला खऱ्या वाटूं लागतात. दुसऱ्या रीतीचा खेळाडू खेळामागील यंत्र पाहतो. बुरुजाला खर्च किती, त्यानें बळ किती वाढतें, तेवढ्याच खर्चांत स्वार किती मिळतील, याचें कोष्टक तो मनांत मांडतो. पहिल्याला आपण रंगलेला खेळाडू म्हणूं, दुसऱ्याला हिशेबी. घरोघरचे वडील मला विचारतात, यांतून मुलानें कोणती रीत उचलावी?

हिशेबाचें सामर्थ्य थोर आहे, हें आधीं मान्य केलें पाहिजे. १९९७ सालीं ‘डीप ब्लू’ या संगणकानें जगज्जेत्या कास्पारोव्हला बुद्धिबळाच्या सामन्यांत हरविलें. नवकंकरीचा तर पुरता उलगडा झाला आहे. दोन्ही पक्ष निर्दोष खेळले तर डाव बरोबरींत सुटतो, असें राल्फ गासर या संशोधकानें १९९३ सालीं संगणकाच्या साह्यानें सिद्ध केलें. तरीहि दोन भावंडांच्या डावांतील गोडी त्यामुळें कमी झालेली नाहीं. उत्तर ठाऊक असणें आणि डाव खेळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हा वाद नवा आहे असेंहि नाहीं. प्रशियाच्या सैन्यांत अधिकाऱ्यांना शिकविण्यासाठीं ‘क्रीगस्पील’ नांवाचा खेळ होता. राइसविट्झ यानें त्याचे नियम १८२४ सालीं प्रसिद्ध केले. नकाशा, सोंगट्या, फांसे, हानीचीं कोष्टकें आणि निवाडा देणारा पंच, असा त्याचा थाट होता. पुढें कोष्टकांचा भार एवढा वाढला कीं लढाई बाजूला राहून आंकडेमोडच होऊं लागली. तेव्हां १८७६ सालीं फेर्डी द्यू वेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानें सुचविलें कीं, कोष्टकांचें जोखड काढावें आणि अनुभवी पंचानें स्वतःच्या समजुतीनें निकाल द्यावा. ज्यांचा धंदाच युद्धाचा, त्यांनाहि निव्वळ हिशेब अपुरा वाटला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

उलट, नुसतें रंगून जाणेंहि पुरेसें नाहीं. घोडा आवडता म्हणून तो मारूं न देणारा मुलगा अखेर राजा गमावून बसतो आणि नशिबाला बोल लावतो. कल्पनेला नियमांचा धाक नसला म्हणजे ती आळशी होते.

मग या दोहोंचा मेळ कसा बसतो? त्याचें उत्तर आपल्याच डोंगरांत आहे. १६६५ सालीं मिर्झाराजा जयसिंग चालून आला. वज्रगड पडला, पुरंदरावर मुरारबाजी धारातीर्थीं पडले, आणि तहांत महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले; १२ त्यांच्याकडे राहिले. भोरजवळचा रोहिडा गेला; वेल्ह्याकडील राजगड आणि तोरणा राहिले. नुसतें मोजणारा म्हणेल, ३५ पैकीं २३ गेले, डाव संपला. नुसता रंगलेला म्हणेल, प्राण गेला तरी चिराहि देऊं नये. महाराजांनीं या दोन्ही टोकांना जाण्याचें टाळलें. काय सोडल्यानें राज्य तगेल याचा हिशेब त्यांनीं केला. तो हिशेब कशासाठीं, हें स्वराज्याच्या ध्यासानें ठरविलें. १६७० सालीं रोहिडा परत आला.

मातीचा राजगड करणाऱ्या मुलाकडे पाहा. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्यें उंच बालेकिल्ला त्याला बसवायचा असतो. आपण किल्लेदार आहों असें मानलें कीं प्रश्न सुचतात. पाणी कोठें साठेल? शत्रू कोणत्या सोंडेनें चढेल? संजीवनीचा तट दुहेरी कां? बाहेरची भिंत पडली तरी आंतली उभी राहते, हें उमगलें कीं त्याचे डोळे चमकतात. ज्याला तट म्हणजे ‘बळ अधिक दोन’ एवढेंच ठाऊक, त्याला हा प्रश्नच पडत नाहीं. रंगण्यांतून प्रश्न निघतो आणि हिशेबांतून त्याचें उत्तर मिळतें, असा हा क्रम आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी कीं, मुलानें नवा खेळ हातीं घेतला तर पहिल्याच दिवशीं त्याला उत्तम चालींचें कोष्टक देऊं नये. त्याला चार डाव हरूं द्यावेत, आपलें राज्य आपल्या हातानें बुडवूं द्यावें. मग शेजारीं बसून विचारावें, काय झालें आणि कां झालें? त्यानें नुसते आंकडे सांगितले तर त्याची गोडी आटत चालली आहे असें समजावें. नुसती गोष्ट सांगितली तर विचार अजून जागा व्हावयाचा आहे. गोष्ट आणि कारण हीं दोन्ही सांगूं लागला म्हणजे मुलगा खेळावयास शिकला.

पुढें संसारांत त्याला पैसा, वेळ आणि माणसें यांचे डाव मांडावयाचे आहेत. तेथें हिशेब चुकला तर घर बुडतें, आणि हिशेब कशासाठीं हें विसरलें तर घर असूनहि नसल्यासारखें होतें. दोन्ही गोष्टींचा सराव लहानपणीं पटावर, हंसतखेळत व्हावा, एवढेंच सांगून आपला निरोप घेतों.