नगरचे मुक्काम हललेले राजे

अहिल्यानगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की शाहडोंगरावरची अष्टकोनी इमारत लांबूनच दिसते. रविवारी पहाटे नगरकर तिथे वारा खायला जातात, पावसाळ्यात तरुणांची गर्दी होते. या इमारतीला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही. ती 1600 साली नगरच्या किल्ल्यात मारली गेली. ही कबर आहे मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची.

निजामशाहीने हे शहर वसवलं आणि शंभराहून अधिक वर्षं दख्खनचं राजकारण हलवलं. तरीही तिच्या राजांची थडगी नगरात फारशी सापडत नाहीत. संस्थापक अहमद निजामशहा मात्र इथेच आहे. सीनेकाठी, दिल्ली दरवाजाबाहेरच्या बागरोजात. काळ्या दगडाची, एका घुमटाची, आटोपशीर इमारत. आत भिंतींवर कुराणातल्या आयतींचं देखणं कोरीवकाम आहे. आवारातच गुलामअली हत्तीचं स्मारक दाखवतात. 1565च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला याच हत्तीने पकडल्याचं सांगतात. राजाच्या शेजारी हत्तीला जागा देणारी ही आपली एक दुर्मीळ खूण आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने धर्मपंडित शाह ताहिरच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला. त्याचे अवशेष पुढे करबलाला नेण्यात आले. नंतर, 1707 साली औरंगजेब नगरलगतच्या भिंगारला वारला, त्याचा देह खुलताबादला गेला. मरण नगरात आणि माती दुसरीकडे, असं इथे वारंवार घडलं. म्हणूनच साऱ्या परिसरात सर्वांत उंच मजार राजाची नाही, वजिराची आहे.

हा वजीर साधा नव्हता. फरहबाग महालाचं काम त्याने 1583 साली पुरं करून घेतलं. पुढे तो मुर्तजाच्या मर्जीतून उतरला. इतिहासकार फरिश्ता लिहितो की सलाबतखानाला कैदेचा हुकूम झाला तेव्हा फौज हाताशी असूनही त्याने बंड केलं नाही. कोणत्या किल्ल्यात जाऊ, एवढंच विचारून तो दंडाराजपुरीला गेला. मुर्तजाला 1588 साली पोटच्या पोरानेच मारलं, वजीर सुटला आणि वर्षभरात वारला. मजारीच्या तळघरात थडगी आहेत. वर तीन मजले कमानींचे, आणि भिंतीच्या जाडीतून वर चढणारा जिना. दिव्याशिवाय त्या जिन्यात पाऊल टाकू नये.

थडग्याच्या नावावरून कोरियातलं ग्योंगजू आठवतं, सिल्ला राज्याची जुनी राजधानी. तिथे शहरातच राजांच्या थडग्यांच्या हिरव्या टेकड्या आहेत. तिथलं एक थडगं 1973 साली उकरलं. कुणाचं ते कळलं नाही, म्हणून आत सापडलेल्या स्वर्गीय घोड्याच्या चित्रावरून त्याला चॉनमाचोंग, म्हणजे दिव्य अश्वाचं थडगं, असं नाव दिलं. आपल्याकडे उलट आहे. आपल्याला मालक ठाऊक आहे, तरी आपण नाव दुसऱ्याचं घेतो.

शाहडोंगरावर जाणार असाल तर आधी बागरोजा पाहा, मग डोंगर चढा. भिंतीवर आपलं नाव कोरू नका. आणि बरोबरच्या मुलांना सांगा की हा सलाबतखान आहे.